उजवा कान

मी उमरी तालुक्यातल्या एका गावची आशाताई. बाळंतिणीच्या घरी गेले की माझं पहिलं वाक्य ठरलेलं, "लेकराच्या कानात तेल घालू नका, काडी घालू नका. मळ आपला आपण भाईर येतो." म्हाताऱ्या हसायच्या. मी त्यांना फटकारायचे. जीभ माझी पहिल्यापासून तिखट.

त्या दिवशी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येणार होतं. सकाळी लुंबिनीची वेणी घालताना तिच्या उजव्या कानात मळ दिसला, अगदी तोंडाशी. सात वर्षांची माझी लेक. सगळ्या गावासमोर डॉक्टर म्हणणार, आशाताईच्याच पोरीचा कान घाण! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या मळाचा तिला काही त्रास नव्हता. लाज मला वाटत होती.

केसांची पिन हातातच होती. "हलू नको," मी म्हणाले. वरचा मळ निघाला. तिथं थांबायला हवं होतं, पण आत अजून काळं दिसलं, मी पिन पुन्हा आत घातली. तेवढ्यात दारातून शेजारची शिवकांता ओरडली, "पंचफुला, गाडी आली गं शाळेत!" लुंबिनीनं झटकन मान वळवली.

ती किंचाळली. कानातून रक्त आलं. मग उलटी, आणि तिला उभंच राहता येईना.

नांदेडला डॉक्टरांनी विचारलं, "कानात काय घातलं होतं?" माझा नवरा रविकांत शेजारीच होता. मी म्हणाले, "खेळता खेळता तिनंच पिन घातली साहेब. मी सैपाक करत होते."

लुंबिनीनं माझ्याकडं पाहिलं. डावा कान शाबूत होता, तिनं सगळं ऐकलं.

"पडदा फाटलाय, आतल्या नाजूक हाडांनाही मार बसलाय," डॉक्टर म्हणाले. "पडदा जुळेल. ऐकू पहिल्यासारखं येईल, असं मी सांगणार नाही."

"लई आगाव झालीस तू," रविकांत तिच्यावर खेकसला. तिनं मान खाली घातली. मीही घातली.

चार महिने झाले. पडदा जुळला, ऐकू आलं नाही. उजवीकडून हाक मारली तर ती वळत नाही. गावात सगळे म्हणतात, पोरगी आगाव, आई बिचारी काय करणार. मी ऐकून घेते. माझ्यासारखी भित्री बाई दुसरी नसेल.

परवा बायकांच्या बैठकीत मी पुन्हा कानाचंच सांगत होते. लुंबिनी माझ्या डाव्या हाताला, मला खेटून बसली होती. शेषेरावांच्या सुनेनं तिला मोठ्यानं विचारलं, "कशाला गं घातलीस पिन, बाई?"

लुंबिनी म्हणाली, "माझंच चुकलं. आईनं हलू नको म्हणलं होतं, मी हलले."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

"तुझं न्हाई चुकलं, बाळा," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणायची हिंमत तेव्हाही झाली नाही. माझ्याकडं तिचा उजवा कान होता. ती समोर बघत राहिली.