दाराकडे तोंड करून

‘‘चला ना सर, आत,’’ असं म्हणत योगेशने सरांचा दंड धरला.

रतन सर उंबऱ्यापाशी थांबले. आधी हॉलच्या फरशीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. पायात मापाने करून घेतलेले काळे, बोजड, पट्ट्यांचे बूट होते. उजव्या बुटाच्या टोकात स्पंज भरला होता, कारण तिथे आता अंगठा नव्हता.

‘‘बूट घालून आत यायचं नसतं,’’ सर म्हणाले. ‘‘इतकी वर्षं काय शिकलास?’’

‘‘सर, तुमचं मेडिकल रीझन आहे. इट्स ओके.’’

‘‘मला साखर झाली म्हणून नियम रजेवर गेला का?’’

नारायण पेठेतल्या या शाळेत रविवारी सकाळी आमचा कराटेचा वर्ग भरतो. सगळे अनवाणी. एकदा बक्षिसं वाटायला एक पुढारी आले होते, बुटांसकट निघाले आत. सर आडवे उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘साहेब, जोडे.’’ मागे चार कार्यकर्ते डोळे वटारत होते. पुढाऱ्यांनी वाकून नाड्या सोडल्या. एका मोज्याला भोक होतं.

उन्हाळ्यात सरांच्या पायात खिळा शिरला आणि त्यांना कळलंच नाही. जो माणूस आयुष्यभर पायाने विचार करत आला, त्याच्या पायालाच काही कळेनासं झालं होतं. कळलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं, यापुढे उघड्या पायाने एक पाऊलही टाकायचं नाही. घरातसुद्धा.

‘‘तुमच्या काकूंना शब्द दिलाय, बूट काढणार नाही म्हणून,’’ सर माझ्याकडे बघत म्हणाले. ‘‘बूट निघणार नाहीत, म्हणजे मी आत येणार नाही. विषय संपला. अक्षता, वर्ग आता तूच सांभाळ. मी आपला निरोप घ्यायला आलो होतो.’’

निरोप. माझं डोकंच फिरलं.

मी याआधी कोथरूडच्या एका क्लासला जायचे. तिथे लाथ डोक्यापर्यंत गेली पाहिजे, तरच गुण, तरच फोटो. मी जाड, कंबर ताठ. मला पॅड धरायला उभं करायचे आणि बारीक पोरी माझ्यावर लाथा मारायच्या. तिथून रडत इथे आले, तर सरांनी माझा पाय पाहिला आणि म्हणाले, ‘‘कोणी सांगितलं वर न्यायला? कराटेच्या माहेरची, ओकिनावाची जुनी लाथ कमरेखाली असते. गुडघा, नडगी, फार तर पोट. वर लाथ मारणारा बराच वेळ एका पायावर उभा राहतो, आणि एका पायावरच्या माणसाला कोणीही पाडतं.’’ त्या दिवसानंतर मी माझ्या शरीराबद्दल कोणाची माफी मागितली नाही. हे ऋण आहे, आणि ज्याचं ऋण आहे तो माणूस उंबऱ्यावरून परत चालला होता.

मी शिपायाची प्लॅस्टिकची खुर्ची ओढत आणली आणि दाराबाहेर आपटली.

‘‘बसा. घरी जायचं नाही.’’

आपटल्यावर दिसलं, मी ती चपलांच्या ढिगात ठेवली होती.

सरांचे वडील तरुणपणी एका देवळाबाहेर चपला सांभाळायचे. त्यांना आत जायची मुभा नव्हती. लोकांच्या चपलांना मात्र त्यांचा हात चालायचा. छप्पन साली ते बुद्धाकडे गेले आणि पुन्हा कोणाच्या चपलेला हात लावला नाही. सरांनी हे एकदाच सांगितलं होतं, तेही पट्टा बांधता बांधता.

‘‘इथे नको, सर,’’ मी म्हणाले. ‘‘आपल्याच माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवतो, तो कसला नियम? मोडा तो.’’

‘‘माझ्या बापाला बसवलं होतं,’’ सर शांतपणे म्हणाले. ‘‘मी बसतोय. यातला फरक कळत नसेल तर पट्टा सोडून ठेव.’’

आणि ते बसले.

आम्ही रांगा केल्या. समोर भिंतीवर जुन्या गुरूंचा फोटो, मागे दार. म्हणजे सरांना फक्त आमच्या पाठी दिसणार. पाठी बघायला कोण दर रविवारी येईल?

‘‘सगळे मागे वळा,’’ मी म्हणाले.

‘‘ताई, फोटो इकडे आहे,’’ योगेश कुजबुजला.

‘‘तो कुठे पळून जात नाही. वळ.’’

सगळी रांग दाराकडे वळली. सरांच्या भुवया चढल्या. ‘‘गुरूंकडे पाठ?’’

‘‘हा नियम तुम्ही कधी सांगितला नव्हता.’’

त्यांनी खुर्ची चपलांमधून थोडी पुढे ओढली. मग म्हणाले, ‘‘समोरची लाथ. सुरू करा.’’

गुडघा वर, बोटं मागे, चवड्याने घाव, पाय परत. सर पुढे वाकले.

‘‘आता कुठे दिसतंय,’’ ते स्वतःशीच म्हणाले. ‘‘उभा असायचो तेव्हा तुमचे चेहरे बघत होतो. चेहरे थापा मारतात. वल्लरी, बोटं ओढ, मोडून घेशील. योगेश, लाथ गेली, पाय तिकडेच विसरलास. गेला त्याहून लवकर परत आला पाहिजे, नाहीतर समोरचा ठेवून घेतो. माझा अंगठा दवाखान्याने ठेवून घेतलाच की.’’

कोणी हसावं की नाही ते कळेना. सरच आधी हसले.

मग टाचेची लाथ झाली, मग पावलाच्या कडेने गुडघ्यावर मारायची. शेवटची अंगठ्याच्या टोकाची. ती सरांची खास. वर्षानुवर्षं दोऱ्या बांधलेल्या गवताच्या पेंढीवर मारून त्यांनी तो अंगठा घडवला होता.

‘‘ही आता माझ्याकडून दिसायची नाही,’’ सर म्हणाले. ‘‘अक्षता दाखवेल. नीट बघून घ्या.’’

मी दाखवली. पाय गेला आणि परत आला. सरांनी मान एकदा डोलावली आणि हात उजव्या गुडघ्यावर ठेवला.

वर्ग संपला. दाराकडे तोंड करूनच आम्ही गुडघे टेकून वाकलो. कपाळ फरशीला लागताना समोर ते बूट दिसले. शेजारी वल्लरीची गुलाबी सँडल. बुटांची टोकं उंबऱ्याला टेकलेली होती, आत सूतभरही आली नव्हती.

खुर्ची करकरली. सर उठले होते.

आम्ही डोकी वर केली तेव्हा ते अजून वाकलेलेच होते.