पद्मजेच्या मोटारीतला तांबडा दिवा

यंत्र बिघडले असता दोन प्रकारचे शोध घेता येतात. दोष कशात आहे हा पहिला, आणि तो कोणाच्या माथी मारावा हा दुसरा. पहिल्या शोधास धीर लागतो, म्हणून मनुष्य बहुधा दुसऱ्यापासूनच आरंभ करतो. आणि एकदा कोणाकडे बोट दाखविले म्हणजे यंत्राकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. ज्या मुलीला मी न्यायशास्त्राचे प्राथमिक पाठ दिले, तिने एका भाऊबीजेस हे दोन शोध परस्परांपासून निराळे ठेवले. तो प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला, आणि आजही त्याचे स्मरण झाले की माझी मान ताठ होते.

सन १९३७ ची दिवाळी. रत्नागिरीत आमच्या शेजारी गोपाळकृष्णपंत राहत. हापूसच्या कलमांच्या बागांचे मालक, शब्दाचे पक्के आणि रागाचेही. त्यांचा मुलगा श्रीपती मुंबईस असताना त्याने विलायतेस परत चाललेल्या एका साहेबाकडून शर्यतीच्या घाटाची, दोनच माणसे बसतील अशी उघडी मोटार घेतली होती. मोटार तेव्हाच जुनी होती. पुढे नोकरीसाठी कराचीस जाताना त्याने ती घरी पाठविली आणि धाकट्या बहिणीच्या, पद्मजेच्या, हवाली केली. पंतांनी पडवीत चारचौघांदेखत अट घातली, "तुझ्या हातून हिला काही झालं, त्या दिवशी ही विकली. मग रडायचं नाही." पद्मजा म्हणाली, "कबूल." घरचा गडी भागोजी मुंबईत मोटारींच्या कारखान्यात राबून आलेला, त्याच्याकडून ती हाकायला शिकली. गावात कुजबूज झाली. पद्मजेने ती ऐकली नाही असे नव्हे, पण ऐकली असे दाखविलेही नाही.

त्या मोटारीत चालकासमोरच्या फळीवर घड्याळांसारख्या तबकड्या होत्या आणि त्यांच्यामध्ये गुंजेएवढा एक तांबडा दिवा. किल्ली फिरविली की तो लागे, आणि यंत्राने वेग धरला की विझे. भाऊबीजेस पद्मजा मिरजोळ्यास मामेभावाला ओवाळून परत येत होती. वाटेत तो दिवा लागला तो विझेचना. घरी येताच तिने किल्ली पंतांपुढे ठेवली.

"बाबा, दिवा विझत नाही."

मी तेव्हा पडवीत सुपारी कातरत बसलो होतो. पंतांनी किल्लीकडे पाहिले, मग मुलीकडे.

"चढावर पळवलीस ना? यंत्र जळालं असणार."

"कशाने झालं ते अजून पाहिलं नाही."

"पाहायचं काय त्यात? दिवा तांबडा आहे, अन् चक्र तुझ्या हातात होतं." कोल्हापूरचे एक गृहस्थ आंब्याच्या व्यवहारासाठी शहरात उतरले होते आणि त्यांनी ही मोटार दोनदा मागितली होती. पंतांनी त्यांना चहाला येण्याचा निरोप लगेच धाडला. पद्मजेचा चेहरा उतरला, पण आवाज स्थिर होता.

"ते येईपर्यंतचा वेळ तरी माझा ना?"

"घे की. तुझ्या गुरूंनाही ने." पंत माझ्याकडे वळले. "काय शास्त्रीबोवा, तुमच्या घटपटात डायनामो बसतो का हो?"

"बसवावा लागेल," मी म्हणालो आणि अडकित्ता खाली ठेवला.

मोटार मांगरात, म्हणजे अंगणाच्या कडेच्या कोठारात, उभी होती, जांभ्याच्या भिंती आणि अर्धा अंधार. भागोजी चाकापाशी बसून विचार करीत होता. त्याने उपाय सुचविला, "ताय, दिवाच काढून टाकू. दिवा नाय तर बिघाड नाय. धन्यांस कुठं कळतंय?"

"धूर झाकला म्हणजे आग विझते का रे?"

"मग दिवा बदलू, तार बदलू, बाटरी पण बदलू. एकदम. मुंबयला असंच करायचे."

"अन् विझला, तर कशाने विझला ते कसं कळणार? एका वेळी एकच गोष्ट."

हे शब्द मी तिला कधी शिकविले नव्हते. मी शिकविले होते ते सूत्र. कारण असता कार्य असते, कारण नसता कार्य नसते, आणि ही दोन्ही अंगे पडताळल्यावाचून निर्णय करू नये. सूत्र पाठ असणारे पुष्कळ पाहिले. ते वापरताना पाहण्याचा योग मला त्या दिवशी प्रथम आला.

भागोजीला एवढे ठाऊक होते की तो दिवा डायनामोचा. डायनामो फिरला म्हणजे वीज निर्माण होते, ती बॅटरीत जाते आणि मग दिवा विझतो. पद्मजा म्हणाली, "मग दिवा खरं बोलतो आहे की खोटं, हे आधी पाहू." तिने यंत्र चालू केले आणि पुढचे मोठे दिवे लावले. भिंतीवर पिवळा उजेड पडला. "आता वेग वाढव." भागोजीने वाढविला. यंत्र गर्जू लागले, पण भिंतीवरचा उजेड होता तसाच.

"नेहमी वेग वाढला की हा उजेड वाढतो. आज वाढला नाही. म्हणजे वीज खरोखरच येत नाही. दिवा खरं बोलतो आहे."

मग डायनामो फिरविणारा पट्टा. तो घट्ट होता आणि डायनामो फिरत होता. मग तारा, त्या तिने एकेक करून ओढून पाहिल्या, त्याही पक्क्या. यंत्र बंद केले. "फिरतो आहे, जोडलेला आहे, तरी देत नाही. तेव्हा दोष ह्याच्या पोटात." भागोजीने डायनामोवरचा पत्र्याचा पट्टा सैल करून सरकविला आणि कंदील जवळ धरला. आत तांब्याचे वलय असते, त्यावर कोळशाचे दोन तुकडे टेकून वीज उचलतात. ते वलय काळ्या चिकट तेलाने माखले होते. कोळशाचे तुकडे तांब्याला नीट टेकतच नव्हते, तेलावरून घसरत होते.

आणि त्याबरोबर वास आला. यंत्राच्या तेलाचा नव्हे. माका, जास्वंद आणि वाळा घालून कढविलेल्या खोबरेलाचा.

भागोजीने नाक वर केले. "अगो बाय माझे! ह्यो वास तर—"

"भागोजी, पेट्रोल अन् स्वच्छ चिंधी आण," पद्मजा म्हणाली. तो उठला.

त्या घरात तसे तेल एकच व्यक्ती कढवीत असे. गंगाआत्या, पंतांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. आईमागे पद्मजेला त्यांनीच वाढविले. पद्मजेने माझ्याकडे एकदा पाहिले. तिला कळले होते, मलाही कळले होते, आणि मी बोलू नये असे ती डोळ्यांनी सांगत होती.

तिने वलय स्वतः पुसले, पुन्हा पुसले, कोळशाचे तुकडे कोरडे केले, सारे होते तसे बसविले. किल्ली फिरविली. तांबडा दिवा लागला. यंत्राने वेग धरला; दिवा फिकट झाला आणि विझला. भिंतीवरचा उजेड पांढरा झाला. भागोजीने टाळी वाजविली.

तो आवाज ऐकून पंत मांगराच्या दाराशी आले. विझलेला दिवा त्यांनी बराच वेळ पाहिला.

"काय होतं?"

"डायनामोत तेल जास्त गेलं होतं, बाबा."

"कोणी घातलं?"

पद्मजा चिंधी घडी करीत राहिली.

"मी विचारलं, कोणी घातलं? तुझ्याकडून झालं असेल तर अट ती अट. दुसऱ्या कोणाकडून झालं असेल तर नाव सांग, गाडी तुझी."

"तेल जास्त झालं, एवढं मी सांगितलं. गाडी माझ्या ताब्यात होती."

"म्हणजे विकू?"

तिने चिंधी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमचा शब्द आहे."

तोच पाठीमागून आत्या आल्या, हाताला पीठ तसेच. "विकतोस कसली! मी घातलं तेल. चतुर्दशीला पहाटे घरात सगळ्यांना अभ्यंग झालं, गुरांच्यासुद्धा शिंगांना तेल लागलं. हीच बापडी तेवढी कोरडी का ठेवायची? भागोजी त्या झाकणीत तेल सोडताना मी पाहिलं होतं."

"आत्यानू, मी थेंब सोडतो, थेंब!" भागोजी कळवळला.

"सणाला काय थेंब घालतात मेल्या? वाटीभर घातलं."

पंत हसू आवरीत होते, पण पद्मजेकडे पाहताच ते हसू निमाले.

"तुला ठाऊक होतं?"

"वास आला होता."

"मग बोलली का नाहीस? गाडी गेली असती."

"गाडीतला दोष सापडला होता, बाबा. आणखी काय शोधायचं होतं?"

पंतांनी पंच्याने उगाच कपाळ पुसले. मग माझ्याजवळ येऊन, मलाच ऐकू यावे अशा आवाजात म्हणाले, "शास्त्रीबोवा, माझी मुलगी आहे हो ही." मी म्हणालो, "माझीही विद्यार्थिनी आहे."

ह्या मोटारीत पंत आजवर कधी बसले नव्हते. त्या सायंकाळी ते धोतराचा सोगा सावरून शेजारच्या आसनावर बसले. "चल. त्या गृहस्थांना चहाला घेऊन येऊ. चहा द्यायचा, गाडी नाही."

"तिघे मावायचे नाहीत, बाबा."

"मग येताना मी चालत येईन."

आत्या दारातून ओरडल्या, "पद्मे, सावकाश गो! आणि पुढच्या दिवाळीला उटणं तरी चालेल का हिला?"

"वरून लाव, आत्या. वरूनच!"

मोटार घरापुढच्या खळ्यातून बाहेर पडली आणि वळणावर दिसेनाशी झाली. त्या घरातली माया अशीच वाटीभर ओतली जावो. तो तांबडा दिवा जेव्हा लागेल तेव्हा खरेच सांगो, आणि ते खरे ऐकून कोणालाही न दुखविणारे ते हात चक्रावर दीर्घकाळ स्थिर राहोत.