अंगणात न आलेली माणसं

गर्दी

"ज्याला ज्याला गुण आला, त्यानं हात वर करा!"

अंगणभर हात. खाली एकही नाही. माझे दीर माइक धरून नाचायचेच बाकी होते. "शंभरातले शंभर! सांगा, कुठल्या डॉक्टरकडे आहे असा निकाल? इथे इंजेक्शन नाही, रांग नाही, फक्त स्पर्श!"

रांग फाटकाबाहेर गेली होती.

खुर्चीत माझी धाकटी जाऊ. गुडघे, दमा, अर्धशिशी, सगळ्यांवर तिचा एकच तळहात.

मी

खिडकीत. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. इतक्या वर्षांत एकही विद्यार्थी माझ्या पाया पडलेला नाही. तिला मखमली खुर्ची. शिवाय ती दिसतेही छान. लिहून टाकलं की मन मोकळं होतं म्हणतात.

झालं नाही.

पणाला काय लागलं

माझी लेक. तिला फिट येतात. गोळ्या चालू असल्या की येत नाहीत.

"ही पट्टी संपली की नवी आणायची नाही," सासूबाईंनी जाहीर केलं. "अख्खी वसाहत धाकटीच्या हातानं बरी झाली आणि घरचीच पोर औषधांवर? लोक काय म्हणतील?"

"आई, गोळ्या बंद केल्या तर तिच्या जिवावर बेतेल."

"जळतेस तू!"

नवऱ्यानं पेपर आणखी वर धरला.

जळत होतेच. म्हणून फिट काही खोटी ठरत नव्हती.

पहिला नमुना

मी बारा दारं ठोठावली. बाराही घरांत काडीचा गुण नव्हता. छाती काढून सासूबाईंसमोर उभी राहिले.

"गेली होतीस कुणाकुणाकडे?"

सांगितलं.

"म्हणजे धाकटीशी ज्यांचं पटत नाही, नेमकी तीच घरं!"

"वहिनी, माणसं वेचून आणलीत की," दीर हसले.

खरं होतं. पण वेचावेची त्यांचीही होतीच. त्या बाराही दारांत मी एकच गोष्ट ऐकली होती: "तुमच्या दिरांनी बजावलंय, गुण आला नसेल तर अंगणात पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्यांचा गुण उतरतो."

हाच तो चमत्कार. बरे न झालेले घरी बसवायचे आणि उरलेल्यांना हात वर करायला सांगायचं.

दुसरा नमुना

वसाहतीत दोनशे घरं. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तळहाताखाली जाऊन आलेलं. सगळे घरक्रमांक चिठ्ठ्यांवर लिहिले, डब्यात घातले, चांगले हलवले.

"चिठ्ठ्या तू काढ," मी जावेला म्हटलं. "दारात विचारायचंही तूच. मी येतच नाही."

"तिला कशाला त्रास?" दीर मध्ये पडले.

"गुण येतो ना भावजी? मग घाबरता कशाला?"

"काढते मी," जाऊ म्हणाली. "मलाही बघायचंय."

चाळीस चिठ्ठ्या. परतली तेव्हा चेहरा उतरलेला.

"ताई, गुण नऊच घरांत. त्यातल्या सहाजणांच्या गोळ्याही चालू होत्या."

"चाळीस घरं म्हणजे वसाहत नव्हे!" दीर उसळले. "बाकीची एकशेसाठ बरी असतील!"

"म्हणजे वसाहतीतली न बरी झालेली एकूणएक घरं नेमकी हिच्याच हाताला लागली? भावजी, हा चमत्कार त्या तळहातापेक्षा मोठा झाला. चाळिसात नऊ म्हणजे शेकडा बावीस-तेवीस. चिठ्ठ्यांचं नशीब धरून दहा म्हणा, फार तर पस्तीस. शंभर कुठून आणता?"

दीर माइकची वायर गुंडाळू लागले. जावेनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

निकाल

पुढच्या गर्दीसमोर ती उभी राहिली.

"जे आलेत त्यांनाच विचारून काही कळत नाही. जे घरी बसलेत त्यांनाही विचारा. कुणालाही निवडू नका, चिठ्ठ्या टाका. मी विचारून आलेय. माझ्या हातात काही नाही. कुणीही गोळ्या बंद करू नका."

वर्गात घसा कोरडा करून मी हेच सांगते. तिथे पोरं जांभया देतात.

इथे टाळ्या. एका म्हातारीनं तर तिचे पाय धरले.

"बघ, केवढी शहाणी आहे धाकटी!" असं मला सुनावत सासूबाईंनी नवी पट्टी फोडली आणि नातीच्या हातावर गोळी ठेवली.

लेकीनं ती पाण्याबरोबर गिळली. मला एवढंच हवं होतं.

जवळजवळ एवढंच.