सात फुटांचा ठराव

मी जांभ्याचा चिरा बोलतोय. रत्नागिरीत कुठेही नजर टाका, विहिरीच्या काठाला, देवळाच्या पायरीला, मशिदीच्या ओट्याला आमच्यापैकी कोणीतरी असतोच. लाल, खरखरीत, अंगभर भोकं. परगावचे लोक ती भोकं बघून नाक मुरडतात. त्यांना काय ठाऊक, त्या भोकांतून ऐकू किती छान येतं! उभं आयुष्य मी दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकण्यात घालवलं आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

माझा जन्म सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळमाळावरच्या, चिरेखाणीतला. तेव्हा आमच्या खाणीत यंत्र आलं नव्हतं, चिरे हातानेच कापायचे. मला कापणाऱ्याचा हात जरा घसरला आणि एका अंगाने मी तिरका निघालो. तो मला बाजूला टाकणार होता, पण त्याचा जोडीदार म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे, भितीत कोन बगतोय?" त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. खाणीतून निघालो तेव्हा तसा मऊच होतो, वारा लागला तसा घट्ट झालो.

तिथून ट्रकने मी आलो एका कौलारू चाळीच्या कामावर. बावीस बिऱ्हाडांची चाळ होती. मला जागा मिळाली दोन खोल्यांमधल्या भिंतीत. एका अंगाला हुसेनभाई, मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचे. दुसऱ्या अंगाला सखारामतात्या, शाळेत शिपाई. हुसेनभाई समुद्रावरून येऊन दिवसा झोपायचे आणि तात्यांना नेमका तेव्हाच रेडिओ लावायची हुक्की यायची. मग हुसेनभाई भिंतीवर बुक्की मारायचे, ती बसायची माझ्या पाठीत. तात्या आवाज कमी करायचे, पण पाचच मिनिटं. दोघांनी एकमेकांशी समोरासमोर भांडण केल्याचं मला आठवत नाही. जे काय ते माझ्यातून.

भिंत असण्याची मला कधी खंत वाटली नाही, ती यामुळेच. माझ्यावर वासे टेकले होते. दोन्ही घरांचं एकच छप्पर आम्ही चिरे मिळून पेलत होतो आणि मला त्याचा गर्व होता. आजही आहे.

चाळीस वर्षं अशी गेली. मग मालकाने जागा एका बिल्डरला विकली. जुन्या बावीस भाडेकरूंना त्याच जागेत घरं द्यायची, ही मंजुरीच्या कागदातली अट होती. ती अट ज्याने घातली त्याचं भलं होवो. नाहीतर हुसेनभाई कुठल्या कुठे गावाबाहेर फेकले गेले असते आणि तात्या तिसरीकडेच. बिल्डरनेही अट पाळली. माणूस हुशार होता, एवढंच. रस्त्याच्या बाजूला ए आणि बी अशा दोन देखण्या इमारती उभ्या केल्या आणि बावीस बिऱ्हाडांची सी इमारत टाकली पार मागे, उताराच्या कडेला. जाहिरातीच्या चित्रात ए होती, बी होती, सीच्या जागी नारळाची झाडं होती. गंमत म्हणजे जाहिरातीत लिहिलेला समुद्र दिसतो तो फक्त सीच्या गच्चीवरून.

चाळ पाडली तेव्हा आम्हाला फेकलं नाही. आमच्याकडे चिरा कोणी टाकून देत नाही. आवाराच्या एका कोपऱ्यात आम्हाला रचून ठेवलं आणि सगळे विसरून गेले. चार पावसाळे अंगावर शेवाळ घेऊन पडून होतो. बाजूलाच बिल्डरची कचेरी होती, त्यामुळे करमणुकीला तोटा नव्हता. फ्लॅट बघायला येणारी माणसं आधी पाणी किती वेळ येतं ते विचारायची, मग गाडी कुठे लावायची ते, आणि शेवटी आवाज खाली आणून, "शेजार कसा आहे?" की बिल्डरचा माणूस हसून म्हणायचा, "मागचे लोक ना? ते वेगळे आहेत हो. त्यांचा तुमचा संबंध येणार नाही." हे ऐकून माणसाचा चेहरा खुलायचा. मला मोठं नवल वाटायचं. घर घ्यायचं आणि शेजार नको!

पण राहायला आल्यावर संबंध आलाच. तो आणला फरीदाने. फरीदा ही हुसेनभाईंची मुलगी. पहाटे मिरकरवाड्याच्या लिलावात मासळी घ्यायची आणि दहाच्या सुमारास सी इमारतीसमोर टोपली मांडून बसायची. ए आणि बीमधली माणसं पिशव्या घेऊन हजर. बीच्या तिसऱ्या मजल्यावरचे महिपतराव, त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी, तर सुरमईसाठी सगळ्यांच्या आधी उभे असायचे. फरीदा कापून, धुऊन द्यायची, वर कालवण कसं करायचं तेही सांगायची. आवार एकच होतं, नकाशातही आणि वागण्यातही.

मग ती सभा झाली. ए आणि बीची सोसायटी वेगळी, सीची वेगळी. ए-बीच्या सभेत कोणीतरी म्हणालं की मधे भिंत घातली तर फ्लॅटची किंमत वाढेल. महिपतरावांनी ठराव वाचला: "आवारात सात फूट उंच भिंत बांधावी. सी इमारतीस मागील बाजूने स्वतंत्र प्रवेश आहेच." हात भराभर वर गेले. आता एवढी शहाणी माणसं चुकली कशी, ते सांगतो. तो श्रावणातला दुसरा रविवार होता. जून-जुलै मासेमारी बंद, त्यात वर श्रावण. तीन महिने ज्याच्या ताटात म्हावरं नाही, त्या रत्नागिरीकराने कसलाही ठराव करू नये. फरीदाची आठवण एकालाही झाली नाही.

तो मागचा 'स्वतंत्र प्रवेश' म्हणजे पाखाडी. खालच्या गल्लीत उतरणारी दगडी पायवाट, बासष्ट पायऱ्यांची, पावसाळ्यात शेवाळलेली. तरण्याताठ्यांचं चालून गेलं असतं. पण हुसेनभाईंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिसला जावं लागे. आवारातून रिक्षा थेट सीच्या दारात यायची, तिच्यात बसून जायचे. भिंत झाली की रिक्षा बंद. खरं सांगतो, हे कळलं तेव्हा माझ्या अंगातलं पाणी आटलं.

सखारामतात्या मंजूर नकाशाची झेरॉक्स घेऊन महिपतरावांकडे गेले. एकच आवार, एकच रस्ता, बोट ठेवून दाखवलं. महिपतरावांनी चहा दिला, बिस्किटं दिली आणि "बघू" म्हणाले. आमच्याकडे "बघू" म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं.

आणि भिंतीसाठी चिरे कुठले घ्यायचे? कोपऱ्यात फुकटचे पडलेलेच की! भागोजी गवंडी आला, त्याने आमचं शेवाळ खरवडलं आणि काम सुरू झालं. मी दुसऱ्या थरात बसलो, अगदी सीच्या दारासमोर. जन्मभर ज्यांचं छप्पर पेललं, त्यांचीच वाट अडवायला मला लावलं होतं. तिरकं अंग वर काढून मी बसायला नकार देऊन पाहिला. भागोजीने मला दोनदा उचललं, तिसऱ्यांदा सिमेंटचा मसाला जास्त लावून बसवलंच. दोन थर झाले आणि गणपती आले. भागोजीने थापी धुतली आणि गावाला गेला. गणपतीत कोकणात गवंडी शोधणाऱ्याने आधी स्वतःच थापी हातात धरायला शिकावं.

दोन थर म्हणजे गुडघाभर उंची. धडधाकट माणूस सहज ओलांडतो. हुसेनभाईंचा पाय तेवढा उचलत नव्हता. त्यांना उचलून पलीकडे न्यावं, तर सीची वाट आता मागची म्हणून रखवालदार फाटकातून ना रिक्षा आत सोडायचा, ना खुर्ची बाहेर. मग मंगळवारी आणि शुक्रवारी सीमधले चौघे जण त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पाखाडी उतरायचे आणि दुपारी तसेच वर आणायचे. तात्या पुढे चालत पायऱ्या मोजायचे. हुसेनभाई वरून म्हणायचे, "सखाराम, तुझा रेडिओ बरा होता रे." चौघे हसायचे आणि खुर्ची डुलायची. मला मात्र हसू येत नव्हतं.

विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ए आणि बीमधून पिशव्या निघाल्या. समोर टोपली नाही. फरीदा गेली कुठे? कोणीतरी वाकून बघितलं तर ती पाखाडीच्या तळाशी बसलेली. सीमधल्या बायकांनी सांगितलं की सोसायटीने जी वाट ठरवून दिली, त्या वाटेवर ती बसते. बाजार तसा दूर, आणि बाजारात असं कापून धुऊन कोण देतंय? लोक भिंत ओलांडून बासष्ट पायऱ्या उतरू लागले आणि पापलेट घेऊन बासष्ट चढू लागले. आठवडाभरात बी इमारतीतला गुडघ्यांचा सगळा इतिहास मला पाठ झाला.

तो शुक्रवार होता. महिपतराव सुरमई घेऊन वर आले तेव्हा घामाने निथळत होते. फरीदाही टोपली संपवून त्यांच्या मागोमाग चढत होती. माझ्यापाशी टेकून त्यांनी दम घेतला आणि तिला मोठ्या प्रेमाने योजना सांगितली. कमिटीचं बोलणं झालंय, भिंतीला दोन फुटांची एक खिडकी ठेवायची. फरीदाने पूर्वीसारखं वरच बसायचं आणि खिडकीतून मासळी द्यायची. भिंतही होईल आणि कोणाची गैरसोयही नाही.

फरीदाने टोपली खाली ठेवली. ती रागावली नव्हती.

"म्हावरं देईन ना मी खिडकीतना, महिपतभाऊ," ती म्हणाली. "अब्बाला कुठनं देऊ?"

तेवढ्यात पाखाडीवरून तात्यांचा आवाज आला, "अठ्ठावन्न, एकोणसाठ…" आणि ती प्लास्टिकची खुर्ची वर आली. हुसेनभाई डोळे मिटून बसले होते, हात खुर्चीच्या दांड्यांना घट्ट. चौघांच्या शर्टांतून घाम ठिबकत होता. महिपतरावांनी त्या खुर्चीकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. तो माणूस वाईट नव्हताच. ठराव करताना त्याने पायऱ्या फक्त कागदावर वाचल्या होत्या, चढल्या नव्हत्या. खुर्ची खाली टेकताच ते उठले, हुसेनभाईंच्या दंडाला धरलं आणि दारापर्यंत गेले. सुरमईची पिशवी माझ्यावरच विसरली. मांजराने तिचं काय केलं ते मी सांगणार नाही.

पुढच्या सोमवारी भागोजी आला. त्याला वाटलं तिसरा थर. महिपतराव म्हणाले, मधले चिरे काढ, रिक्षा जाईल एवढी वाट कर. किती थर ठेवायचे, असं भागोजीने विचारलं, तर म्हणाले, आहेत तेवढे पुरे. वाट झाली. तिच्या अगदी कडेचा चिरा तो मी. मंगळवारी रिक्षा आत आली तेव्हा तिचं चाक मला थोडं घासून गेलं. मला इतका आनंद झाला, की अजून एकदा घासलं असतं तरी चाललं असतं.

आता सकाळी फरीदा पुन्हा दारासमोर बसते. तिची टोपली येईपर्यंत ए, बी आणि सी यांची माणसं आमच्या गुडघाभर भिंतीवर ओळीने बसून पावसाला, नगरपालिकेला आणि मासळीच्या भावाला शिव्या देतात. महिपतराव आणि तात्या तर जेवायची वेळ झाली तरी उठत नाहीत. शेजार कसा आहे, असं आता कोणी विचारत नाही.

तरी एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो. तो ठराव रद्द झालेला नाही, तहकूब झालाय. उरलेले चिरे पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली आहेत आणि पुढच्या सभेत कोण काय बोलेल, सांगता येत नाही. म्हणून ही विनंती. मला ओझ्याची सवय आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाच थर चिरे माझ्यावर चढवण्यापेक्षा माणसं बसवा. रिक्षाची वाट बघताना हुसेनभाई माझ्यावरच टेकतात. अलीकडे ते इतके हलके झालेत, की बसलेले कळतसुद्धा नाहीत. तेवढी जागा त्यांना राहू द्या.