टिकलीपर्यंत पाणी

काचेच्या खणांना तिसऱ्यांदा सिलिकॉन लावताना काकासाहेबांच्या मनात आलं, हा शेवटचा खटाटोप. हे जमलं नाही तर टाकी, मासे, सगळं कुणाला तरी देऊन टाकायचं आणि मोकळं व्हायचं. दिवसभर आगारात एसटीच्या गाड्यांखाली आडवं व्हायचं, घरी आलं की माशांच्या टाकीखाली. माणसानं उभं राहायचं तरी कधी?

टाकी पाच फुटांची. अंबडमधलं एक हॉटेल बंद पडलं तेव्हा त्यांनी ती उचलून आणली होती, बायकोसाठी. पुष्पाबाईंची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी लकव्यानं गेली. बोलणं तुटक झालं, आणि त्याहून वाईट म्हणजे मनच उडालं. डॉक्टर म्हणाले, डावा हात चांगला आहे, धरून धरून चार पावलं टाका. बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. जालन्याच्या दवाखान्यात मात्र माशांच्या टाकीपुढे त्यांची नजर जरा ठरली होती. तेवढ्या आशेवर काकासाहेबांनी हा पसारा घरात घातला. पुष्पाबाई भिंत सोडून टाकीकडे वळल्या. त्यापुढे काही झालं नाही, पण वळल्या.

मासे खातात तशी घाणही करतात, आणि नळाला पाणी आठ दिवसांनी. बदलायला पाणी आणायचं कुठून? गेल्या महिन्यात तीन मासे उलटे तरंगले आणि पुष्पाबाई पुन्हा भिंतीकडे वळल्या. दोन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत. म्हणून हा घरगुती संप, म्हणजे मोठ्या टाकीखाली ठेवायची दुसरी छोटी टाकी. तिचे तीन खण. वरचं घाण पाणी पाईपातून पहिल्या खणातल्या स्पंजावर उतरणार, दुसऱ्यात विटांच्या तुकड्यांमधून गाळलं जाणार, आणि तिसऱ्यातून कुलरची मोटर ते पुन्हा वर फेकणार. तेच पाणी फिरत राहणार.

या वेळी काच गळली नाही. मोटर गुरगुरली, पाणी फिरलं, चार दिवसांत एवढं नितळलं की मासे हवेत पोहतायत असं वाटावं. काकासाहेबांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना झोप आली.

शेजारची शालू नळाच्या दिवशी त्यांचा ड्रम भरून द्यायची. आदल्या दिवशी ती डोकावली.

"काका, खालची टाकी अर्धीच हाये की. उद्या भरून टाकू का?"

"बिलकुल न्हाई! लाईट गेली का मोटर बंद पडती अन् वरचं पाणी खाली येतं. त्याला जागा पायजे."

शालूला त्यांनी बजावलं. पुष्पाबाईंना सांगायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. पलंगावर पडलेल्या माणसाला असलं कोण सांगत बसतं?

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून आले, तर लाईट गेलेली आणि उंबऱ्यापर्यंत पाणी. संप काठोकाठ भरून वाहत होता. गोधडीची कड भिजली होती, पिठाच्या डब्याचं बूड पाण्यात. काकासाहेबांचं टाळकं सरकलं. बास, आजच्या आज टाकी घराबाहेर.

"शालू! सांगितलं व्हतं ना तुला?"

शालू धावत आली. "मी न्हाई भरली, काका. मी ड्रमात पाईप सोडून आमचं पाणी भरायला गेल्ते. परत आले तर पाईप खाली पडल्ता. मला वाटलं, निसटला."

काकासाहेब वळले. पुष्पाबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. डावी बाही कोपरापर्यंत ओली, लुगड्याचा काठ चिखलानं भरलेला.

"नळ... आल्ता," त्या म्हणाल्या. "ते... रिकामं व्हतं. भरलं."

लग्न होऊन आल्यापासून या बाईनं नळाच्या दिवशी घरात एक भांडं रिकामं ठेवलं नव्हतं. हंडे झाले की कुकर, कुकर झाला की तांब्या, शेवटी चहाचे कपसुद्धा. पलंगापासून दारातल्या ड्रमापर्यंत पाच पावलं, तिथून संपापर्यंत चार. काकासाहेबांनी ती मनातल्या मनात मोजली, परत येण्याची धरून, आणि ओल्या फरशीवर मटकन बसले. राग कुठं गेला कळलं नाही. थकवा होता तिथंच होता, पण डोळे भरून आले.

पुष्पाबाई फरशीवरच्या पाण्याकडे बघत होत्या. "चुकलं?"

नाही म्हणणं सोपं होतं. दोन वर्षं सगळे तिला बरं वाटावं म्हणूनच बोलत होते. चूक काढावी असं काही तिनं केलंच नव्हतं.

"व्हय, चुकलं," काकासाहेब म्हणाले.

ते उठले. कोनाड्यात दोन वर्षं पडून असलेलं टिकल्यांचं पाकीट काढलं, एक टिकली सोडवली आणि संपाच्या काचेवर, बरोबर अर्ध्यावर, चिकटवली.

"हितपर्यंत. याच्या वर न्हाई. वरचं पाणी उतरायला जागा लागती."

पुष्पाबाईंनी टिकलीकडे बराच वेळ पाहिलं. काकासाहेब पोतेरं घेऊन खाली बसले.

"नळ... आता कधी?"

"आठ दिवसांनी."

"मंग शालूला... सांगा," पुष्पाबाई म्हणाल्या. "येऊ नको म्हणावं."