अर्धंच वाक्य

कारंजा शहराजवळच्या एका गावात पंचायतीचे निकाल ओरडून लागत. सरपंच भैयाजी विचारत, "हो का नाई?" ज्या बाजूचा गलका मोठा, ती बाजू जिंकली. तरुणपणी नागपुरात वकिलीचा अभ्यास अर्ध्यावर सोडून आलेल्या भैयाजींनी पंचायतीच्या भिंतीवर निळीनं लॅटिन वाक्य लिहूनच ठेवलं होतं : वॉक्स पॉप्युली, वॉक्स डेई. खाली मराठीत, लोकांचा आवाज तोच देवाचा आवाज.

"बाई, तुम्ही बीएस्सी झालेल्या," ते शाळेच्या सरोजिनीबाईंना म्हणाले होते, "सव्वीस जानेवारीले या वाक्याचा इतिहास सांगजा लोकायले. मंग लगे हात शकुबाईचा निकाल लावून टाकू."

शकुबाई ही गोंड बाई शाळेत पाणी भरायची. तिच्या हातचं पाणी आमच्या पोरांनी काऊन प्यावं, असं गावातल्या घनश्यामनं काढलं होतं. त्या जागेवर त्याला आपली वहिनी बसवायची होती हे गावाला ठाऊक होतं; पण त्याच्यासारखा मोठा गळा गावात दुसरा नव्हता.

मूळ सापडेपर्यंत चैन न पडणारी सरोजिनी सुट्टीत नागपूरच्या ग्रंथालयात बसली, आणि सापडल्यावर तिला अन्न गोड लागेना. तिची नोकरी अजून पक्की नव्हती, आणि ती पक्की करणं पंचायतीच्या हातात होतं. गप्प बसावं तर शकुबाई जाते, बोलावं तर आपण.

पंचायतीला लागून असलेल्या शाळेच्या अंगणात झेंडावंदन झालं. सरोजिनी बोलायला उभी राहिली.

"सुमारे बाराशे वर्षांपूर्वी अल्क्विन नावाच्या पंडितानं शार्लमेन राजाला लिहिलेल्या पत्रात हे वाक्य आहे. पुढे इंग्लंडात राजाला गादीवरून उतरवताना बड्या धर्मगुरूनं यावरच प्रवचन दिलं."

भैयाजींनी टाळी वाजवली. इथं खाली बसता आलं असतं. पण निंबाखाली शकुबाई रिकामी घागर धरून उभी होती.

"पण पंडितानं लिहिलं होतं वेगळंच. लोकांचा आवाज तो देवाचा आवाज असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, कारण जमावाचा गलका वेडाच्या फार जवळ असतो."

"म्हंजे आमी येडे?" घनश्याम गरजला.

"तू तं हायेसच!" मागून कोणीतरी म्हणालं. हशा झाला. भैयाजी हसले नाहीत.

"बाई, मी भिंतीवर उलटं लिवलं म्हनता?"

"उलटं नाही, भैयाजी. अर्धं." ती म्हणाली, "लोकांचा आवाज ऐकूच. पण मागे बसलेल्या बायांचा कधी ऐकलाय? निवडणुकीत मत आडोशाला टाकतो, तसं करू. एकेकानं माठात दाणा टाकायचा. तूर म्हणजे शकुबाई राहील, हरभरा म्हणजे जाईल."

भैयाजी भिंतीकडे बघत राहिले. आपलंच वाक्य गावासमोर कसं पुसणार?

"आना माठ," ते शेवटी म्हणाले.

प्रत्येकाला दोन्ही दाणे दिले. वर्गात एकेकानं जायचं, हवा तो माठात टाकायचा, उरलेला कोपऱ्यातल्या पोत्यात. आधी गडी गेले, मग बाया. घनश्यामची आई वच्छलाबाई बराच वेळ आत होती. बाहेर फक्त टक् असा आवाज येई. तूर की हरभरा, हे आवाजावरून ओळखता येतं का म्हणून सरोजिनी कान देऊन ऐकत होती. येत नव्हतं. 

"बाई," शकुबाई पुढे आली, "मले दाने नाई भेटले."

"हिचाच निकाल, अन् हिलेच मत?" घनश्याम उसळला.

सरोजिनीनं भैयाजींकडे पाहिलं. त्यांनी घनश्यामला हातानं थांबवलं. मग म्हणाले, "ते बी लोकांतलीच हाय. द्या तिले."

माठ सतरंजीवर उपडा केला. तुरीचा ढीग मोठा निघाला. घनश्यामनं आईकडे वळून पाहिलं. वच्छलाबाई पदर सारखा करत बसली होती.

लोक उठायला लागले तसे भैयाजी सरोजिनीजवळ आले. "तुमच्या नोकरीचं पुढच्या सभेत पाहू, बाई."

तिनं विचारलं, "ओरडून की दाण्यांनी, भैयाजी?"

 "शकुबाई," भैयाजी वळून म्हणाले, "माठ धू अन् पानी आन वं. गळा सुकला."

 शकुबाई घागर घेऊन विहिरीकडे गेली, आणि भैयाजी ते पाणी पितात का हे बघायला थांबल्यासारखं कोणीच घरी जाईना.