काळी चार, पांढरी पाच

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंय. चुकून लिहिलं असेल, असं मी पंधरा दिवस स्वतःला समजावलं. पण चूक दाखवून दिल्यावरही माणूस ती तशीच ठेवतो, खाली सही करतो, वर शिक्का उठवतो, तेव्हा तिला चूक म्हणत नाहीत. तुमच्या पंचनाम्यात माझ्या बायकोचे दहा नग जप्त झालेत. तिच्याकडे तीनच होते.

मी परमेश्वर. टेम्पो चालवतो, वायरी जोडतो. वाजवते ती मंगल, माझी बायको. शिरूर कासार तालुक्यात तिला कॅशिओवाली म्हणतात. कंपनी कुठलीही असो, विजेवरचा सिंथेसायझर आमच्याकडं कॅशिओच. तीन कॅशिओ कशाला लागतात, हे तुम्ही त्या दिवशी विचारलंत आणि उत्तर ऐकायला थांबला नाहीत. आता ऐका.

मंगलचा बाप सुग्रीव मेंढरं राखायचा. गावच्या मारुतीच्या देवळात भजनाची पेटी होती. बाईनं तिला हात लावायचा नाही, असा तिथला कायदा. भजनी मंडळी जेवायला उठली की ही पोरगी पेटीवर बसायची. कुणी शिकवलं नाही. पांढरी एकला सा धरून तिची बोटं जी वाट शिकली, ती एकच. अजून दुसरी येत नाही. पट्टीचे वाजवणारे यावरून तिला हसतात. ती त्यांना म्हणते, "माझी बोटं मेंढरावानी हायत. एकाच वाटंनं जातेत. मंग मी वाटच उचलून दुसरीकडं ठिवते."

ती वाट उचलायचं बटण कॅशिओत असतं. बोटं तिथंच ठेवायची, सूर वर सरकवायचा. आमच्या पार्टीत गायला दोघं. भामाबाई काळी चारमध्ये गाते, गहिनीनाथ पांढरी पाचमध्ये. दोघांचा सवाल-जवाब लागला की बटणं दाबत बसायला वेळ नसतो. भामाबाई कुणासाठी थांबत नाही, ती यमासाठीही थांबायची नाही. म्हणून एक कॅशिओ काळी चारला लावलेला, दुसरा पांढरी पाचला. तिसरा सनईचा. सूर ओढायचं चाक फक्त त्याला आहे, आणि त्याची एक पट्टी दाबली की वर येत नाही, तिला मंगल नखानं उचलते.

आता यातली खुबी बघा. करंट गेला की हे कॅशिओ सगळं विसरतात आणि पुन्हा पांढरी एकला येऊन बसतात. आमच्याकडं करंट किती जातो ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून तिनं प्रत्येकावर चिकटपट्टी लावून पेनानं लिहून ठेवलं होतं. ‘काळी ४’. ‘पांढरी ५’. ‘सनई १’, म्हणजे सनईचा पहिला आवाज.

घरी तिन्ही एका कोपऱ्यात असायचे. एक ट्रंकेवर, एक शिलाई मशीनवर, एक अंथरुणांच्या घडीवर. कानाला हेडफोन लावून ती दुपारभर वाजवायची. शेजाऱ्यांना नुसती पट्ट्यांची टकटक ऐकू जायची. माझी आई साखराबाई म्हणायची, सून भाकरी थापल्यासारखी काय थापते कुणास ठाऊक. पण टेम्पोवर गेलं की मंगलचा हात चुकायचा. उंची बदलली की हात आंधळा होतो. मग मी सुतळी घेऊन घरातलं सगळं मोजलं, ट्रंकेची, मशीनची, अंथरुणांच्या घडीची उंची, तिन्हींतलं अंतर. आमची जुनी टायरगाडी मोडून पडली होती, तिचं लोखंड कापून वेल्डिंग केलं आणि तंतोतंत त्याच मापाचा तीन मजली स्टँड उभा केला. त्याच गाडीत आठ हंगाम आम्ही ऊस भरला. कारखान्यावर आम्हा दोघांना मिळून एक कोयता म्हणायचे. दोन माणसं, मोजायला एक. स्टँड पहिल्यांदा टेम्पोवर चढवला त्या दिवसापासून ती कोयत्यातला अर्धा भाग राहिली नाही. लोक तिचं नाव घेऊन सुपारी द्यायला लागले.

आणि मग तुम्ही जीपमधून उतरलात.

दुपारचे चार. वरात मारुतीच्या पारापाशी आलेली. टेम्पोवर एकच भोंगा, तोही जुना. तुम्ही म्हणालात, डीजे बंद कर. मंगल वरून म्हणाली, "डीजे न्हाई साहेब. हातानं वाजवतेय."

"एक असतं तर वाद्य धरलं असतं. तीन म्हणजे डीजे."

हे कुठल्या कायद्यात आहे, ते मी तेव्हाही विचारलं. गहिनीनाथ हलगीवाल्याच्या कानात म्हणाला, "तुज्याकडं दोन हलग्या हायत ना बे? पळ, न्हाई तर साखर कारखाना म्हणून धरतील." लोक हसले. ते हसणं तुम्हाला लागलं, हे मी पाहिलं. तिन्ही कॅशिओ जीपमध्ये गेले. स्टँड तुम्ही नेला नाहीत. तुमच्या लेखी ते भंगार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल, मी, भामाबाई, गहिनीनाथ असे आम्ही चौघं ठाण्यात आलो. हवालदारानं पंचनामा पुढं केला. मंगल अक्षर-अक्षर लावून वाचते. ती वाचता वाचता थांबली आणि हसायला लागली. लिहिलं होतं: काळी ४ नग, पांढरी ५ नग, सनई १ नग, एकूण डीजे साहित्य १० नग.

तिनं हवालदाराला समजावलं. काळी चार हा सूर आहे, नग नव्हे. हवालदार बिचारा खरं बोलला, चिकटपट्टीवर दिसलं ते उतरवलं म्हणाला. मग तुम्ही बाहेर आलात. कागद वर गेलाय, खोडाखोड होत नाही म्हणालात. दहा नग डीजे साहित्य मिळालं अशी सही करायची, पुन्हा वरातीत वाजवणार नाही असं लिहून द्यायचं आणि तीन घेऊन जायचं.

मंगल म्हणाली, "करते की सही. दहा द्या मंग."

"जास्त शहाणपण करू नको. यात सगळं आधीच भरलेलं असतंय. बटण दाबलं की शेंबडं पोरगंबी वाजवील."

ती म्हणाली, जोडू द्या, मग दाबा. तुमच्या आवारात लिंबाखाली मी स्टँड उतरवला. हवालदारानं तिन्ही कॅशिओ आणून दिले, वायर तुमच्याच खिडकीतून आली. तुम्ही पुढं झालात, एक बटण दाबलंत आणि कॅशिओ आपोआप कसलीतरी विलायती धून वाजवायला लागला. प्रत्येक कॅशिओत अशी एक धून असते, दुकानदाराला गिऱ्हाइकापुढं वाजवायला. तुमची माणसं हसली. माझी मान खाली गेली, खोटं कशाला सांगू.

मंगल हाताची घडी घालून उभी राहिली. धून संपू दिली. मग म्हणाली, "ही तुमची झाली. आता माझी."

तिनं सनई लावली. चाकावर अंगठा ठेवून सूर ओढला तेव्हा ठाण्यात तक्रार द्यायला आलेली एक म्हातारी पदर सावरून उठून उभी राहिली. तिला वाटलं, नवरीच आली. मग मंगलचा हात खाली उतरला आणि पायरीवर बसलेल्या भामाबाईनं बसल्या जागेवरून देवीचं गाणं उचललं.

तुम्ही खिडकीतली पिन उपटलीत. बास म्हणालात.

सगळं मुकं झालं. भामाबाई नाही झाली. तिला कुठली पिन? ती गात राहिली, तुमच्याकडं बघत. मंगल शांतपणे चालत खिडकीशी गेली, तुमच्या हातातली पिन घेतली, परत लावली. कॅशिओ सगळं विसरून पांढरी एकला बसला होता. तिनं चिकटपट्टीवर बोट ठेवलं, तुम्हाला दिसेल असं. मग बटण दाबलं, एक, दोन, असं मोजून आठ वेळा. आणि पहिलीच पट्टी दाबली ती भामाबाईच्या सुराला जाऊन अशी चिकटली की दोन आवाज वेगळे काढता येईनात.

"हा तुमचा काळी चार," मंगल म्हणाली. "मोजा आता, किती नग हायत."

तुमचा हवालदार खाली बघत होता. त्याला कळलं होतं. तुम्हालाही कळलं होतं, साहेब, म्हणूनच तुम्ही आत गेलात आणि आतून निरोप पाठवलात, सही करायची तर या, नाहीतर सामान इथंच राहील.

तिनं सही केली नाही. मी म्हणालो, कर गं, लग्नसराई चाललीय. ती म्हणाली, "उसाच्या फडात दोघांचं एक केलं, तवा गप बसले. आता तिनाचं दहा करतेत. दर बारीला त्यांचाच आकडा खरा का?"

मी रिकामा स्टँड परत टेम्पोत चढवला.

परवा मी ठाण्यात आलो होतो. तिन्ही कॅशिओ व्हरांड्यात जप्तीच्या मोटारसायकलींशेजारी पडलेत. पांढरी पाचवर चहाचे ग्लास ठेवले होते. मी घरी हे सांगितलं नाही.

घरी स्टँड त्याच कोपऱ्यात उभा आहे, तिन्ही मजले रिकामे. आई कुरडया घालत होती. वाळवायला जागा पुरेना, म्हणून एक ताट तिनं वरच्या मजल्यावर ठेवलं. मंगलनं ते उचलून खाली ठेवलं आणि पदरानं लोखंड पुसलं. आई म्हणाली, "मोकळंच तर हाय."

"न्हाई आत्या. भरलेलं हाय."

म्हणून हे लिहितोय. आमचे तीन परत द्या, तेही वाद्यं म्हणून लिहून. आणि ते जमत नसेल, तुमचा कागदच खरा असेल, तर तुमच्या सहीशिक्क्यानं दहा नग तुमच्या ताब्यात आहेत. व्हरांड्यात मी स्वतः मोजले, तीन आहेत.

बाकीचे सात कुठं आहेत, साहेब? लेखी उत्तर द्या.